अट क्रमांक नऊ

मी परवानगी मागितली, ही माझी चूक. बाकीचं सगळं त्यानंतर आपोआप झालं.

चौतीस वर्षं मी तालुक्याच्या कचेरीत काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कर्जतच्या बाजारात अजूनही मला कोणी रोहिदास म्हणून हाक मारत नाही, भाऊसाहेबच म्हणतात. इतकी वर्षं मी लोकांना 'परवानगी आहे का?' हा एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत विचारला. अशा माणसाला स्वतःला परवानगीशिवाय कुठे जाता येत नाही. कोणी तोंडी जेवायला बोलावलं तरी वाटतं, लेखी काही आहे का?

तर कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, कातळमाळ नावाचं एक छोटंसं सरकारी निसर्ग उद्यान आहे. खाली मोकळं मैदान, वर चढायला एकशे बारा पायऱ्या आणि पायऱ्यांच्या टोकाला लेणी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी वनिताला म्हणालो होतो, "पुढच्या रविवारी नेतो." तो रविवार एकतीस वर्षं आला नाही. कधी निवडणूक आली, कधी जनगणना, कधी पूर, आणि खरं सांगायचं तर कधी नुसता कंटाळा. घरापासून तासाभरावरची जागा. मुंबईहून लोक येऊन पाहून जातात आणि आम्हाला स्टेशनवर रस्ता विचारतात. मी तो बिनचूक सांगतो. स्वतः मात्र कधी गेलेलो नाही.

डिसेंबरात डॉक्टरांनी वनिताचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं आणि फेब्रुवारीतली तारीख दिली. घरी आल्यावर ती चपलासुद्धा न काढता म्हणाली, "बदलायच्या आधी एकदा मला ती लेणी चढायची आहेत. माझ्या स्वतःच्या गुडघ्यांवर. आणि नुसतं जाऊन यायचं नाही, एक रात्र तिथं राहायचं."

एकतीस वर्षांत तिने मागितलेली ही तिसरी किंवा चौथी गोष्ट असेल. नाही म्हणायला माझ्याकडे जनगणनाही उरली नव्हती. मी ताबडतोब कामाला लागलो, म्हणजे कोरे कागद काढून अर्ज लिहायला बसलो.

विषय : मौजे कातळमाळ येथे एक रात्र मुक्काम करणेबाबत. तीन प्रती. सोबत सहपत्रे पाच. माझ्या अक्षराला कचेरीत मान होता, तो मी या अर्जातही राखला. वनिता चहाचा कप ठेवायला आली, तिने खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "माझं नाव घातलंत का?"

"अर्जदार म्हटलं की त्यात कुटुंब आलंच," मी म्हणालो.

तिने कप जरा जोरात ठेवला एवढंच.

उद्यानाच्या कचेरीत खिडकीपाशी रिया नावाची नव्याने लागलेली मुलगी होती. तिने अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, तिथं लोक असेच जातात."

"असेच म्हणजे कसे?"

"असेच. गाडी लावतात, वर चढतात, खाली येऊन भजी खातात, जातात. काहीजण राहतातही."

"परवानगी?"

"अजून कोणी मागितलेलीच नाही."

या क्षणी शहाणा माणूस घरी गेला असता. मी म्हणालो, "मी असाच जाणार नाही. आवक शिक्का मारा." तिने बिचारीने मारला. चार दिवसांनी उत्तर आलं की अर्ज विहित नमुन्यात नाही. विहित नमुना अस्तित्वातच नव्हता, तो माझ्यासाठी मुद्दाम तयार करावा लागला. मग रहिवासाचा पुरावा. मग प्रकृती धडधाकट असल्याचा दाखला. मग एके दिवशी माझा अर्ज परत आला आणि समासात लाल शाईने दोनच शब्द होते : 'पूर्तता करावी'. हे माझे शब्द! चौतीस वर्षांत हा शेरा मी किती अर्जांवर मारला असेल याची गणती नाही. तो वाचायला कसा लागतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कशाची पूर्तता, ते लिहिलेलंच नसतं.

इकडे सोसायटीत बातमी पसरली होती. वरच्या मजल्यावरचा सुनील एकदा हिमालयात जाऊन आला आहे, तेव्हापासून तो जिना उतरतानाही बुटांच्या नाड्या तपासतो. त्याने मला जळवांसाठी तंबाखूची पूड आणि मीठ न्यायला सांगितलं. जानेवारीत जळवा नसतात, असं मी म्हणालो. "नसतात त्याच तर धोक्याच्या, काका," तो म्हणाला. मी मीठ घेतलं.

तळमजल्यावरच्या मकसूदचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. कर्जतमधलं लग्न, मग ते कोणाचंही असो, मकसूदच्या खुर्च्यांवर बसूनच लागतं. मी त्याला फक्त एवढंच विचारलं होतं की दोन माणसांचा लहान तंबू कुठे मिळेल.

"तुमी? त्या कापडाच्या पिशवीत झोपणार?" त्याने कानाला हात लावले. "भाऊसाहेब, माझ्या रेशनकार्डापासून पोरांच्या दाखल्यांपर्यंत सगळी कागदं तुमच्या हातची. तुमी रांगत आत जायचं आन् रांगत भायेर यायचं? वयनींचे गुडघे बगा जरा. ते माझ्यावर सोडा."

सोडलं. दुसरी चूक.

अखेर पाच आठवड्यांनी परवानगी आली. सुरेख होती. 'अर्जदार यांस कातळमाळ येथील मोकळ्या मैदानात एक रात्र मुक्काम करण्यास खालील अटींस अधीन राहून परवानगी देण्यात येत आहे.' खाली चौदा अटी. मी त्या दोनदा वाचल्या. कोणीतरी जाणकार माणसाने लिहिल्या होत्या, एकाही वाक्यातून निसटायला जागा नव्हती. त्यातली नववी तर मी वनिताला मोठ्याने वाचून दाखवली : 'अर्जदाराने मंजूर जागेव्यतिरिक्त उद्यानात अन्यत्र वावरू नये.' भाषा म्हणजे अशी हवी, म्हणालो. आणि कागद चुरगळू नये म्हणून बाजारात जाऊन लॅमिनेशन करून आणलं.

शनिवारी सकाळी दारात मकसूदचा टेंपो उभा. आत लोखंडी पाइप, लाल-पांढऱ्या कनाती, लाल गालिचा, झालर लावलेलं टेबल, बारा खुर्च्या, नवरा-नवरीला बसायचा सोनेरी सोफा आणि एक उभा पंखा.

"मकसूद, तिथे वीज नाही."

"असू द्या. पंखा नसला तर मंडप कसातरीच दिसतो."

त्याच्या बायकोने, तय्यबाने, डबे दिले होते. दोन माणसांच्या एका रात्रीसाठी त्यात सांदणं, मटण, घावणे आणि भात एवढं होतं की वाटेत कशेळ्याचा आठवडे बाजार जेवला असता. वनिता टेंपोत ड्रायव्हरच्या शेजारी बसली. मी मागे सोफ्यावर. कर्जत-मुरबाड रस्त्याने, भर दिवसा, सोनेरी सोफ्यावर एकटाच बसलेला मी, बाजूला पंखा. वाटेत दोन ओळखीच्या लोकांनी मला नमस्कार केला आणि मग मागे वळून पाहत राहिले. मीही नमस्कार केला. दुसरं काय करणार?

मंडप उभा राहायला तीन तास लागले. कातळात खुंट्या जाईनात म्हणून गडी दगड रचत होते. एक कनात दोनदा पडली, एकदा माझ्यावर. वनिता तोवर सोफ्यावर बसून वर पाहत होती. झाडीतून चढत गेलेल्या पायऱ्या खालून मधूनमधून दिसत होत्या, आणि त्यांच्या टोकाला तीन काळी दारं. दोन-तीन कुटुंबं, अशीच आलेली, हसत-खिदळत वर गेली आणि खाली आलीसुद्धा.

"चला आता," तीन वाजता ती म्हणाली. तिने नवे बूट घातले होते, घोट्यापर्यंतचे. गुडघ्यांना पट्टे बांधले होते. मी लॅमिनेट केलेला कागद घेतला आणि आम्ही पायऱ्यांकडे निघालो.

पहिल्या पायरीवर राखणदार उभा होता. पन्नाशीचा, काटक, खाकी शर्ट आणि गळ्यात शिट्टी. त्याच्या हातात एक नवी कोरी वही होती, माझ्यासाठीच उघडलेली. बाजूला त्याची मुलगी असावी, वीस-एकवीस वर्षांची, सुट्टीवर घरी आल्यासारखी निवांत.

"रामराम भाऊसाहेब. वळखलं नाय ना? मी पोशा. वरच्या वाडीचा."

मी नाही ओळखलं. मी कागद पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. चौदाच्या चौदा अटी. माझी त्या वहीत सही घेतली : 'अटी मान्य'. मी झोकात सही केली. मग तो म्हणाला, "झालं. आता मंडपात बसा."

"वर जायचंय. लेणी पाहायला."

"लेणी कागदात नाय, भाऊसाहेब. मुक्काम लिवलाय. आन् नव नंबरला लिवलंय, मंजूर जागा सोडून कुटं फिरायचं नाय."

"अरे, हे सगळे लोक गेले की वर!"

"ते असेच आलंत. त्यांना कागदच नाय, तर अट कुटली? तुमी परवानगीवर आलाव."

मी त्याला समजावलं. मी त्याला समजावताना माझा आवाज कचेरीतला झाला, तो मला ऐकू येत होता. हे उघड आहे, म्हणालो, मुक्कामाला आलेला माणूस लेणी पाहणारच, हे गृहीत धरलेलं असतं. पोशाने शांतपणे मान हलवली.

"कागदात नाय ते नाय. तुमीच सांगितलं व्हतं."

"मी?"

"जनीच्या जातीच्या दाखल्याला. ही माझी जना." त्याने मुलीकडे हात केला. "अर्जात वाडीचं नाव ऱ्हायलं व्हतं. मी म्हनलं, साहेब, अख्ख्या तालुक्याला ठावं हाय आमी कुटले. तुमी म्हनलाव, पोशा, कागदात नाय ते नाय. मंग धा-अकरा खेपा झाल्या. पर मी ते ध्यानात ठेवलं. चांगलं सांगितलं व्हतं तुमी. आता मी सही करायच्या आधी समदं वाचतो, कुनी मला फसवत नाय."

तो हे अगदी मनापासून सांगत होता. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं.

"आणि दाखला?" वनिताने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"मिळाला की. तवर नर्सिंगच्या जागा भरल्या. एकच वरीस गेलं तिचं."

मी मुलीकडे वळलो. "तुझा तो अर्ज... तो मीच..."

"माहीत आहे," जना म्हणाली. तिचं बोलणं आता कॉलेजचं होतं. "तुमचं अक्षर मला पाठ आहे. 'पूर्तता करावी.' माझ्या मैत्रिणी आता तिसऱ्या वर्षाला आहेत." ती रागावलेली नव्हती. रागवायचं वर्ष तिचं बहुधा होऊन गेलं होतं. मला लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

मी स्वतःच्या बचावाचं एक वाक्य तयार केलं. पण वनिताचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं. परवानगी परत करून असेच वर जावं, असंही मनात आलं. पण परवानगी परत करायला अर्ज लागतो आणि आज दुसरा शनिवार. कागदावर पेनाने 'व लेणी' असं लिहून टाकावं, हाही पापी विचार चौतीस वर्षांत प्रथमच आला. लॅमिनेशनवर पेन चालत नाही.

वनिता पायरीपाशी उभी होती. एक हात गुडघ्यावर. ती एकशे बारा पायऱ्यांकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. तिने ते पदराने पुसले नाहीत, बोटाने निपटून टाकले, आणि पोशाला म्हणाली, "भाऊ, तो कागद जरा पुन्हा बघा. अर्जदार कोण आहे?"

"भाऊसाहेब."

"माझं नाव कुठे आहे?"

पोशाने कागद वरून खाली वाचला. उलटा करून मागेही पाहिलं. मग अपराध्यासारखा म्हणाला, "तुमचं नाव नाय, वयनी. कुटंच नाय."

"कुटुंबासह वगैरे?"

"नाय. नुस्तं अर्जदार."

"मग या अटी कोणाला?"

"अर्जदाराला."

"मी तर अर्जदार नाही."

पोशा विचारात पडला. प्रामाणिक माणूस विचार करतो तेव्हा वेळ लागतो. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहिलो. शेवटी त्याचा चेहरा उजळला.

"कागदात नाय ते नाय," तो म्हणाला. "वयनी, तुमी तर अशाच आलाव!" आणि तो पायरीवरून बाजूला झाला.

मी म्हणालो, "वनिता, एकटी कशी जाशील?"

"एकटी नाही," जना म्हणाली, आणि तिने वनिताचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "काकू, चढताना कमी दुखतो तो पाय आधी. उतरताना आपण आडवं उतरू. घाई नाही करायची."

वनिताने खांद्यावरची पर्स काढली आणि माझ्या हातात दिली. "सांभाळा," एवढंच म्हणाली, आणि गेली. बावीस पायऱ्यांपर्यंत मी मोजल्या, मग झाडी आड आली.

मंजूर जागेव्यतिरिक्त अन्यत्र वावरता येत नसल्यामुळे मी मंडपात परत आलो आणि झालरीच्या टेबलामागे पर्स मांडीवर घेऊन बसलो. साऱ्या रायगड जिल्ह्यात त्या वेळी त्या लेण्यांत जायला मनाई असलेला मी एकटाच इसम होतो, आणि तीही रीतसर.

थोड्या वेळाने वाडीवरचा एक म्हातारा आला आणि पुढच्या खुर्चीवर टेकला. मग दोन बायका आल्या. मग आणखी तिघं. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"आज कंचं काम हाय?" म्हातारा म्हणाला. त्याचं नाव धाकलू. "मांडव दिसला, टेबल दिसलं, साहेब बसलेला दिसला. म्हनून कागदं घेऊन आलो."

मी निवृत्त आहे, असं सांगणार होतो. आज सुट्टीचा शनिवार आहे, असंही. पण धाकलूने पिशवीतून घड्या पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला, आणि समासातले दोन शब्द मी वाचायच्या आधीच ओळखले. मी माझा चष्मा पुसला. "कशाची पूर्तता, ते सांगितलं होतं का कोणी?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला.

खरंच, नसेलच सांगितलं. मी पेन काढलं. कोणाचं वाडीचं नाव राहिलं होतं, कोणाचा सर्व्हे नंबर, कोणाची नुसती तारीख. एकेकाला पाच-सात मिनिटं लागली. इतकंच काम होतं ते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूने ते कधी मोजलं नव्हतं. पुढे कोणत्या खिडकीवर द्यायचं, सोबत काय जोडायचं, तेही मी प्रत्येकाच्या कागदावर पेन्सिलीने लिहून दिलं. डबे उघडले आणि तय्यबाचे घावणे सगळ्यांना वाटले. मधेच वरून हाक आल्यासारखी वाटली म्हणून मी कनातीबाहेर मान काढली. मधल्या काळ्या दारात वनिताची निळी साडी दिसत होती. ती हात हलवत होती. मीही पर्स हलवली. मग लक्षात आलं, ती माझ्याकडे पाहतच नव्हती, ती समोरच्या सगळ्या डोंगरांना हात करत होती.

ऊन उतरल्यावर दोघी आल्या, आडव्या पायांनी, एकेक पायरी. वनिताचा चेहरा लालबुंद झाला होता. पट्टा सुटून पोटरीवर आला होता. ती सोनेरी सोफ्यावर धपकन बसली, जनाने तिचे पाय खुर्चीवर उचलून ठेवले आणि ती घरी गेली. जाताना धाकलूच्या हातातला कागद तिने घेऊन वाचला, मग माझ्याकडे एकदा पाहिलं.

मी वनिताला पाणी दिलं.

"कशी आहेत?" मी विचारलं.

"काय?"

"लेणी."

तिने पाणी संपवलं. भांडं खाली ठेवलं. "अर्ज करा," ती म्हणाली.

थट्टा असेल म्हणून मी हसलो. ती हसली नाही. मग मी टेबलाकडे गेलो, उरलेल्यातला एक कोरा कागद घेतला आणि उजेड होता तोवर लिहिला. विषय : लेणी कशी आहेत ते सांगणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, अर्जदार यांस सदर लेणी पाहता न आल्याने... सही केली, तारीख घातली, तिच्या हातात दिला. तिने तो पोशासारखा सगळा वाचला आणि परत केला.

"पूर्तता करा."

"कशाची?"

"महोदया कोण? तिला नाव नाही का?"

मी कागद गुडघ्यावर ठेवला आणि वर, जिथे नाव असायला हवं तिथे लिहिलं : सौ. वनिता. एकतीस वर्षांत मी हे नाव रेशनकार्डावर, विम्याच्या फॉर्मवर, मतदारयादीत लिहिलं होतं. तिला म्हणून कधीच लिहिलं नव्हतं.

तिने ते बघितलं आणि कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. मग ती सोफ्याला मान टेकून सांगू लागली. आत गार आहे, म्हणाली. भिंतीवर छिन्नीचे घाव अजून दिसतात, हात फिरवला की कळतात. मोठ्याने बोललं की आवाज फिरून येतो, जनाने गाणं म्हणून दाखवलं. आणि आतल्या खोलीत खिडकीपाशी दगडात कोरलेला एक बाक आहे. लहानसा. बरोबर दोन माणसांचा.

"बसलीस का?"

"बसले ना. पाय दुखत होते. जना बाहेर होती. बराच वेळ बसले."

"आणि शेजारी?"

"रिकामं होतं," वनिता म्हणाली. "म्हटलं पर्स तरी ठेवावी. पण ती तुमच्याकडे होती."

पर्स अजून माझ्या काखेत होती. मी ती काढली आणि तिला दिली.